सिल्व्हरचं ड्रेसिंग की जी-२०? इचलकरंजीच्या एका वडिलांच्या पत्राला उत्तर

नमस्कार दादा,

पत्र वाचलं. तुमचे माग आहेत, पोरगी टेक्सटाईल बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला, प्रोजेक्ट सिल्व्हरवाल्या अँटीमायक्रोबियल ड्रेसिंगवर, म्हणजे चांदी लावलेल्या, जंतू मारणाऱ्या जखमेच्या पट्टीवर, आणि कॉलेजात जी-२० वर प्रेझेंटेशन केल्यापासून तिचं एकच पालुपद, इकॉनॉमिक्स करणार. तुम्ही विचारताय हे खूळ डोक्यातून कसं काढू.

काढू नका. फक्त तिला विचारा की नेत्यांचे ग्रुप फोटो आवडले का आतलं काम. आतलं काम म्हणजे एकेका शब्दावर रात्र रात्र घासाघीस, लई रटाळ असतं ते. १९७५ ला फ्रान्समधल्या राम्बुयेला सहा देशांचे नेते बसले, ज्यातून पुढे जी-७ झाला, ते तेलाच्या आणि चलनाच्या भानगडीमुळे, १९९९ ला आशियाई आर्थिक संकटानंतर जी-२० झाला तोही अर्थमंत्री आणि सेंट्रल बँकांच्या गव्हर्नरांपुरताच, पंतप्रधान-राष्ट्राध्यक्ष बसायला लागले ते २००८ ला, अमेरिकेतल्या बँका गडगडल्यावर. म्हणजे सगळा पैशाचाच मामला. पण २०१७ ला हॅम्बुर्गच्या जी-२० जाहीरनाम्यात औषधांना दाद न देणारे जंतू आले, आणि त्यातूनच पुढच्या वर्षी बर्लिनला त्यावरच्या संशोधनासाठी ग्लोबल हब उभं राहिलं! आता बोला, तिचा प्रोजेक्ट आणि तिचं खूळ एकाच टेबलावर आले की नाही?

म्हणून माझं मत, आधी ड्रेसिंग. गेटला, म्हणजे एमटेकच्या प्रवेशपरीक्षेला, टेक्सटाईलचा वेगळा पेपर असतो, तो देऊन एमटेक करू दे, मेडिकल टेक्सटाईल घेऊ दे. लॅबमधून पॉलिसीकडे जाता येतं, पण इकॉनॉमिक्स करून परत लॅबमध्ये येणारं मी तरी कुणी बघितलं नाही. आणि एवढं सांगूनही इकॉनॉमिक्सच म्हणाली तर गोखले इन्स्टिट्यूट आहे पुण्यात, फक्त गणित पक्कं लागेल, बाकी आडवं जाऊ नका.

प्रोजेक्टबद्दल पण एक. चांदी आहे म्हणजे भारीच असं तिनं रिपोर्टात लिहू नये. साध्या स्वच्छ जखमेला ती लागत नाही, आणि जास्त झाली तर जंतूंसोबत नव्या कातडीच्या पेशींनाही त्रास देते. लॅबमधल्या प्लेटवर जंतू वाढवून मधे चांदीवाल्या गॉजचा, म्हणजे पट्टीच्या जाळीदार कापडाचा, तुकडा ठेवला की दुसऱ्या दिवशी भोवती जंतू नसलेलं मोकळं कडं दिसतं, पोरं त्याचे फोटो काढून खूश होतात, पण प्लेट म्हणजे जखम नव्हे हो, जखमेत पू असतो, रक्त असतं, तिथं चांदीचा जोर कमी पडतो.

आणि सायझिंगचं, म्हणजे विणण्याआधी सुताला खळ लावण्याचं, तुमच्याइतकं तिच्या सरांनाही माहीत नसेल. खळ नीट निघाली नाही तर गॉज पाण्यावर तरंगत राहते, पाणी पित नाही, मग वर चांदी लावून काय उपयोग. एकदा तिच्यासोबत बसा, तुमच्या मागावरचं कापड धुऊन पाण्याच्या पातेल्यात टाका आणि बुडायला किती सेकंद लागतात ते दोघं मिळून मोजा. आकडा मला कळवा.