काल रात्री शेवटी कोण जेवलं?

एका शाळेतल्या बाईंनी परवा विचारलं, "गावातली खाण बंद झालीय. मुलं उपाशी येतात हे डोळ्यांना दिसतं. आईबापांना विचारलं की म्हणतात, छे, आमचं बरं चाललंय. भुकेचं विचारायचं कसं, समोरच्याला कमीपणा न आणता?" हाच प्रश्न मला अंगणवाडीताईंनी विचारलाय, एकदा एका पंचानेही. उत्तर म्हणून गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका घराची हकिगत सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. मी त्यात आधी कशी चुकले, तो भाग मात्र जसाच्या तसा आहे.

२०१८चा जुलै. सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं होतं आणि १६ मार्चपासून गोव्यातलं खनिजाचं काम थांबलं होतं. २०१२चा बंद लोकांनी भोगलेला, म्हणून याला सगळे 'दुसरा बंद' म्हणत. नववीतला एक मुलगा प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडला, त्याला मुख्याध्यापकांनी माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, पाठवलं. मुलगा अबोल. झोप नाही, अभ्यासात लक्ष नाही, घरी बाबा चिडतात. नवीन वर्ग, नवे विषय, अभ्यासाचा ताण असणार असं मी धरून चालले. श्वासाचे व्यायाम शिकवले, झोपेचं वेळापत्रक लिहून दिलं. पोराने ते इमानेइतबारे पाळलं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पडला.

शेवटी शाळेत माध्यान्ह आहार आणणाऱ्या बचत गटातल्या बाईने मला बाजूला घेतलं. "गेल्या साली तो माझ्याकडे मागून तीन-तीन पाव खायचा. आता नववीत गेला ना."

माध्यान्ह आहार आठवीपर्यंत असतो. मार्चमध्ये बापाचा टिपर, म्हणजे खनिज वाहणारा ट्रक, थांबला, जूनमध्ये मुलगा वरच्या वर्गात गेला आणि त्याचं दुपारचं जेवण सुटलं. दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या. त्या एकीला एक लावून बघायला मात्र दोन आठवडे गेले, तेही दुसऱ्या कुणी सांगितल्यावर.

घरी गेले. अंगणात टिपर ताडपत्रीखाली उभा, केबिनवर दोडक्याचा वेल चढलेला. आईने पाहुण्यांसाठीच्या कपबशीतून कोरा चहा दिला आणि मी काही विचारायच्या आत म्हणाली, "आमचं तसं काही अडत नाही हां, मॅडम."

इथे पुरुमेंताबद्दल सांगायला हवं. पावसाआधी गोव्यात उकडे तांदूळ, सुकी सुंगटं (कोळंबी), सुके बांगडे, सोलं, मीठ असं चार महिन्यांचं भरून ठेवतात. खाणीवरच्या घरांना ही सवय जरा जास्तच, कारण पावसात खनिजाची वाहतूक तशीही थांबायची. चार महिने साठवलेलं खायचं, ऑक्टोबरात टिपर परत रस्त्यावर. त्यामुळे जुलैत टिपर उभा असणं कुणाला वावगं वाटतच नव्हतं. 'चवथीनंतर सुरू होतंय', म्हणजे गणेशचतुर्थीनंतर, असं जो तो म्हणे. आणि जे चवथीनंतर सुरू होणार, त्यासाठी आत्ता कुणापुढे हात कशाला पसरायचा?

स्वयंपाकघराच्या फळीवर बरण्या होत्या. धुऊन, पुसून, पालथ्या घातलेल्या.

'घरात खायला आहे ना?' असं विचारलं असतं तर 'आहे' हेच उत्तर मिळालं असतं. मी विचारलं, "काल रात्री तुमच्यात सगळ्यात शेवटी कोण जेवलं?"

"मीच. बाई माणूस शेवटीच जेवते ना?"

"काय उरलं होतं?"

ती चुलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "निवळ." पेजेचं वरचं पाणी. त्यात मीठ.

मग हळूहळू बाकीचं आलं. नवरा तिठ्यावर मित्राकडे खाल्लं म्हणून सांगायचा, आणि तिला ते खरं नाही हे कळायचं. सासू अपचनाचं निमित्त करायची. मुलगा म्हणायचा, शाळेत पाव मिळतो. धाकटी तिसरीत, तिला खरंच मिळत होता. पाच जणांच्या घरात चौघं एकमेकांशी खोटं बोलत होती, आणि ज्याचं त्याचं खोटं दुसऱ्याच्या ताटात दोन शितं जास्त पडावीत म्हणून. अशा घरात ऑफिसच्या खुर्चीवर बसून, सगळ्यांसमोर विचारलं तर खरं कसं निघणार? म्हणून शाळेतल्या त्या बाईंना माझं सांगणं: आईला एकटीला गाठा, जमलं तर तिच्याच चुलीपाशी. कालचं विचारा, पदार्थाचं नाव विचारा. मुलाकडून काढून घेऊ नका. घरचं फोडलं असं वाटून तो पुढे तुमच्याशी बोलणार नाही.

घरात खात्रीचा पैसा एकच येत होता, सासूच्या सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याचे २००० रुपये. आईच्या पाटल्या मे महिन्यात गहाण गेल्या होत्या, टिपरच्या हप्त्यासाठी. पोटाआधी बँक, हा क्रम मी अशा बऱ्याच घरांत बघितलाय. हप्त्यासाठी फोन येतो, भुकेसाठी कुणाचा येत नाही. शेत होतं, पण खाणीतून काढून टाकलेल्या मातीच्या ढिगाची, डंपाची, माती दर पावसात वाहून येऊन त्यावर बसलेली. तिथे भात लावायची सोय राहिली नव्हती.

रेशनकार्ड होतं, टिपर जोरात चालायचा तेव्हाच्या उत्पन्नावर काढलेलं. मामलेदार कचेरीतून नवा दाखला काढला असता तर अन्नसुरक्षा कायद्याखाली माणशी ५ किलो धान्य मिळण्यासारखं होतं. तांदूळ तेव्हा ३ रुपये किलो. पाच माणसांचे २५ किलो, ७५ रुपयांत. आईला गृह आधारचे, म्हणजे गोवा सरकारच्या गृहिणींसाठीच्या योजनेचे, महिन्याला १५०० मिळू शकले असते. अडलं होतं ते बापाच्या सहीवर. "टिपरवाल्याने रेशनच्या रांगेत उभं राहायचं?" एवढंच तो म्हणे. दोन भेटींनंतर माझ्या ध्यानात आलं की त्याला रांगेची लाज होती त्याहून जास्त भीती त्या कागदाची होती. उत्पन्न कमी झालं असं लिहून दिलं की खाण सुरू होणार नाही हे आपणच मान्य केलं, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

त्याची आशा खोटी आहे, हे सांगणारी मी कोण? अंगणात बोट दाखवून विचारलं, "पावसात ताडपत्री घालता, ती काय टिपर विकला म्हणून घालता?" तो काही बोलला नाही. बऱ्याच वेळाने विचारलं, "झेरॉक्स किती लागतात?"

कागद फिरेपर्यंत पोट थांबत नाही. बचत गटाच्या बाईने मुलाला भांडी उचलू लागायला बोलावलं आणि उचलून झाल्यावर तिथेच जेवायला बसवलं. कुणाच्या डोळ्यावर आलं नाही. बाजारात एका मंडळाने पिशव्या वाटल्या, फोटो काढले, तिकडे या घरातलं कुणी फिरकलं नाही. आईला मी आरोग्य केंद्रात नेलं. रक्त बरंच कमी निघालं, गोळ्या सुरू झाल्या. हे माझं काम नाही असं मला एकाने ऐकवलंही. असेल. उपाशी माणसाला श्वास मोजायला लावून मी एकदा तोंडावर आपटले होते, तेवढं पुरे.

कार्ड चवथीनंतर झालं. खाण काही चवथीनंतर सुरू झाली नाही. नव्या पट्ट्यांचे लिलाव व्हायला २०२२चा डिसेंबर उजाडला. टिपर त्यांनी पुढच्याच वर्षी विकला. ताडपत्री तेवढी ठेवून घेतली, पावसात ती आता लाकडांवर असते.