शेततळ्यातल्या हिरव्या तवंगात खरंच लिव्हरचं विष असतं का? मोरचूद टाकावा का?

तुमचा प्रश्न असा: निफाडकडे द्राक्षबाग आहे, शेततळ्यावर पोपटी तवंग आलाय. कॉलेजातला मुलगा म्हणतो, यात लिव्हर खराब करणारं विष असतं आणि प्रयोगशाळा तेच विष पैसे मोजून विकत घेतात. हे खरं का, आणि मोरचूद टाकून मोकळं व्हावं का?

मुलाचं बरोबर आहे. मोरचुदाची मात्र घाई करू नका. मी पिंपळगावचा, आता राहायला नाशिकला. काही वर्षं एका प्रयोगशाळेत प्रकल्प सहायक होतो, तेव्हा हे विष स्वतः हाताळलंय.

आधी तळ्यात काठी फिरवून बघा. काठीला केसांसारखे हिरवे धागे लोंबले तर बहुधा साधं शेवाळ, फार तर पंपाला त्रास देईल. काठी हिरव्या रंगाच्या डब्यात बुडवल्यासारखी निघाली तर सावध व्हा. हातमोजे घालून ते पाणी काचेच्या बरणीत भरा आणि रात्रभर हलवू नका. सकाळी हिरवा थर वर तरंगत असेल तर ते नील-हरित शेवाळ, म्हणजे सायनोबॅक्टेरिया, असण्याचीच शक्यता जास्त. नाव शेवाळ, पण जात जिवाणूची. पेशीत हवेच्या बारीक पिशव्या असतात, म्हणून ते वर येतं आणि वारा त्याला एका काठाला लोटतो. जनावरं नेमकी काठालाच तोंड लावतात.

यातला नेहमीचा गुन्हेगार मायक्रोसिस्टिस. त्याचे काही वाण विष करतात, काही करत नाहीत, आणि डोळ्यांनी ते ओळखता येत नाही. विषाचं नाव मायक्रोसिस्टिन: सात अमिनो आम्लांचं एक कडं. पोटातून रक्तात आणि रक्तातून थेट यकृतात जातं, कारण यकृताच्या पेशींवर त्याला आत घेणारी वाहक प्रथिनं असतात. बहुतेक इतर पेशींना ते दारच नसतं.

आत गेल्यावर काय होतं ते द्राक्षवाल्याला सांगणं सोपं आहे. घडांना पेपर लावणारी एक टोळी आणि काढणारी दुसरी, अशी कल्पना करा. पेशीतल्या प्रथिनांवर फॉस्फेट असंच सतत लावलं आणि काढलं जातं. काढणारी टोळी म्हणजे फॉस्फेटेज. मायक्रोसिस्टिन तिचे हात बांधतं. लावणारे लावतच राहतात आणि पेपरवर पेपर चढतो. पेशीचा आकार धरून ठेवणारा सांगाडा कोसळतो, मांडवाच्या तारा तुटाव्यात तसा. पेशी एकमेकींपासून सुटतात, रक्त यकृतातच साचतं. मोठा डोस टोचलेला उंदीर काही तासांत मरतो.

प्रयोगशाळेला हेच हात बांधणं हवं असतं. पेशी फोडली की फॉस्फेटेज मोकाट सुटतात आणि आपण मोजायच्या आत सगळे फॉस्फेट उडवून टाकतात. फोडतानाच चिमूटभर मायक्रोसिस्टिन टाकलं की पेशीतली स्थिती तशीच्या तशी राहते. दुसरा उपयोग गळासारखा: बारीक मण्यांवर ते चिकटवून पेशींच्या रसात सोडायचं, फॉस्फेटेज त्याला लटकून बाहेर येतात.

चिमूटभर म्हणालो खरा, पण चिमूट फार झाली. आमच्याकडे शिशी आली ती 100 मायक्रोग्रॅमची. उजेडात धरली तर तळाशी काहीच दिसेना. मी सीनियरला म्हणालो, "ताई, रिकामी पाठवलीय." ताईंनी ती हातातून काढूनच घेतली. नंतर मी पाण्यातलं द्रावण प्लास्टिकच्या नळीत ठेवून आठवडा घालवला. ते प्लास्टिकला चिकटतं, काच वापरायची असते. त्यावर कडी म्हणजे, मी ते ज्या पेशींवर टाकलं त्या मूत्रपिंडाच्या होत्या. दार नाही, परिणाम नाही.

आता मोरचूद. विष बहुतांशी जिवंत पेशीच्या आत कोंडलेलं असतं. मोरचुदाने पेशी फुटतात, तवंग जातो, पाणी स्वच्छ दिसतं आणि विष त्या स्वच्छ पाण्यात उतरतं. 1979 साली ऑस्ट्रेलियातल्या पाम बेटावर पिण्याच्या पाण्याच्या धरणात शेवाळ मारायला मोरचूदच टाकला होता. काही दिवसांत 148 जण आजारी पडले, बहुतेक लहान मुलं. तिथलं विष वेगळं, सिलिंड्रोस्पर्मॉप्सिन, पण तेही यकृतावरच जातं. 1996 साली ब्राझीलमधल्या कारुआरूत डायलिसिसच्या पाण्यातून मायक्रोसिस्टिन सरळ रक्तात गेलं आणि पन्नासच्या आसपास रुग्ण दगावले.

पाणी उकळूनही हे विष जात नाही, पेशी मात्र फुटतात. जागतिक आरोग्य संघटनेने नेहमीच्या पिण्याच्या पाण्यासाठी मायक्रोसिस्टिन-एलआरची (याच विषाचा एक प्रकार) मर्यादा लिटरला 1 मायक्रोग्रॅम धरली आहे, त्यामुळे "थोडंसंच तर आहे" हे चालत नाही. गाई-बैल, शेळ्या, कुत्रा, सगळ्यांना तळ्यापासून लांब ठेवा. कुत्रा तर नुसता पाण्यात उतरून अंग चाटतो तेवढ्यानेही मरू शकतो. पालेभाजीवर हे पाणी फवारू नका. आणि बागेतलं खताचं पाणी तळ्यात उतरतंय का ते बघा, तवंगाचं खाद्य तेच फॉस्फरस आणि नत्र.

आमच्या काकांनी मला न विचारता पहाटेच मोरचुदाची पुरचुंडी दोरीला बांधून तळ्यात फिरवली होती. दुपारी पाणी असं नितळ, की त्यांनी मला मुद्दाम फोटो पाठवला. मी फोनवरच ओरडलो. तीन आठवडे गाई गोठ्यात बांधून बोअरचं पाणी पाजलं. काका अजून म्हणतात, तू उगाच घाबरवलंस.