बँकेच्या लिलावातला फ्लॅट: आधी ताबा विचारा

प्रश्न: ताई, सादर नमस्कार. आम्ही दोघंही नोकरी करतो, चिंचवडला भाड्यानं राहतो. मोशीतला एक टू बीएचके बँकेच्या लिलावात निघाला आहे. राखीव किंमत, म्हणजे बोलीची किमान रक्कम, ४२ लाख. त्याच सोसायटीत बाकीचे फ्लॅट ५५ लाखांच्या खाली मिळत नाहीत. जाहिरातीत ‘सांकेतिक ताबा’ असं लिहिलं आहे. भाऊजी म्हणतात, बँक विकतेय म्हटल्यावर कागदपत्रांची काळजीच नाही. बाबा मात्र म्हणतात, कुणाचे तळतळाट घेऊन घरात जाऊ नका. लिलाव अठरा दिवसांवर आहे. काय करावं?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर: पत्रातले सगळ्यात महत्त्वाचे दोन शब्द तुम्ही जाता जाता लिहिलेत: सांकेतिक ताबा. बँकेनं दारावर नोटीस डकवली आणि वर्तमानपत्रात छापली, एवढाच त्याचा अर्थ. किल्ली अजून बँकेच्या हातात नाही, आणि बहुतेक वेळा आत माणसं राहत असतात.

निवृत्त होण्याआधी नऊ वर्षं मी एका बँकेत प्राधिकृत अधिकारी होते. अशा नोटिसांखाली माझी सही असे. कर्ज थकलं तर २००२ च्या सरफेसी कायद्यानं बँकेला कोर्टात दावा न लावता तारण घर विकता येतं. आधी ६० दिवसांची मागणी नोटीस, मग ताबा, मग लिलाव. पण घरातली माणसं बाहेर पडत नसतील तर कलम १४ खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. कायद्यात त्या आदेशासाठी ३० दिवस, फार तर ६० दिवस सांगितले आहेत. प्रत्यक्षात आदेश, मग तहसील कचेरीची तारीख, मग पोलीस बंदोबस्त, असं करत महिने जातात.

आमच्याकडून फ्लॅट घेतलेले एक शिक्षक होते. पूर्ण पैसे भरले, विक्री प्रमाणपत्र (घर विकल्याचा बँकेचा दाखला) हातात, आणि ताबा मिळायला चौदा महिने. तेवढे दिवस कर्जाचा हप्ता आणि घरभाडं, दोन्ही. दर सोमवारी ते माझ्या टेबलासमोर येऊन बसत, आणि मला त्यांना सांगण्यासारखं काही नसे.

ताबा कसा घेतला जातो तेही सांगते, कारण बाबांचा प्रश्न त्यातच आहे. एका घरी आम्ही सकाळी साडेदहाला पोचलो. मंडळ अधिकारी, दोन पोलीस, दोन पंच, कुलूपवाला आणि मी. आत कुकर लागलेला होता. त्या बाईंनी एवढंच विचारलं, “भात होईपर्यंत थांबाल का?” आम्ही जिन्यात थांबलो. मग पंचनामा: लोखंडी कपाट एक, शिलाई मशीन एक, सिलिंडर दोन. देव्हारा मजुरांनी उतरवला, देव मात्र त्या बाईंनी स्वतः पदरात घेऊन खाली नेले. हे काम बँकेचं आहे, बँकेनंच केलं पाहिजे. तुम्ही किंवा भाऊजींनी दार वाजवून “कधी सोडताय” असं विचारायला जाऊ नका.

बाबांना एक गोष्ट जरूर सांगा. लिलावात बँकेच्या थकबाकीपेक्षा जास्त रक्कम आली आणि त्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नसेल, तर उरलेले पैसे कर्जदाराला परत मिळतात. कमी आली तर तूट त्याच्या डोक्यावर राहते. म्हणजे लिलावात चांगली किंमत देणारा माणूस त्या कुटुंबाचं ओझं कमीच करतो. त्यांचं घर गेलं ते हप्ते थकले म्हणून. तुम्ही बोली लावली नाहीत म्हणून ते त्यांना परत मिळणार नाही. तरीही मन घेत नसेल तर घेऊ नका. मनात खुपत राहील अशा घरात वीस वर्षं हप्ते भरणं कठीण जातं.

आता भाऊजी. जाहिरातीच्या शेवटी ‘जसे आहे, जेथे आहे, जे काही आहे’ या तत्त्वावर विक्री, असं छापलेलं असेल. मागची थकबाकी आणि वाद तपासण्याची जबाबदारी त्या एका ओळीनं तुमच्यावर येते. कर्ज देताना बँकेनं कागद पाहिलेले असतात हे खरं, पण ते दहा-बारा वर्षांपूर्वी. स्वतःचा वकील लावून ३० वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध, घ्या, भोगवटा पत्र पाहा, सरसाईवर, म्हणजे तारण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीत, दुसऱ्या कुणाचा बोजा आहे का ते बघा. मग सोसायटीत जा. वॉचमनला नव्हे, सेक्रेटरींना भेटा आणि मेंटेनन्सची बाकी लेखी मागा. हप्ते थकवणाऱ्या माणसाचा मेंटेनन्सही बहुधा थकलेला असतो, आणि शेअर सर्टिफिकेट तुमच्या नावावर करताना सोसायटी ती बाकी तुमच्याकडेच मागते. महापालिकेच्या मालमत्ता कराचंही तसंच. विजेच्या जुन्या बाकीबद्दल तर सर्वोच्च न्यायालयानंच २०२३ मध्ये म्हटलं आहे की वीजपुरवठ्याच्या नियमांत तरतूद असेल तर ती लिलावात घेणाऱ्याकडून मागता येते.

कर्जदारानं कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, अर्ज केला आहे का हे प्राधिकृत अधिकाऱ्यांना ईमेलनं विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची जाहीर नोटीस निघेपर्यंतच कर्जदाराला पैसे भरून घर सोडवण्याचा हक्क आहे, आणि २०२३ च्या बफना मोटर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तेच सांगितलं. पण बँकेच्या नोटिशीतच चूक निघाली तर झालेली विक्रीसुद्धा रद्द होऊ शकते. पैसे परत मिळतात, गेलेली वर्षं मिळत नाहीत.

तेरा लाखांचा फरक दिसतोय, त्यातून मुद्रांक शुल्क वजा करू नका. ते साध्या खरेदीतही लागतंच. वजा करायची ती थकबाकी, दुरुस्ती आणि ताबा मिळेपर्यंतचं भाडं. बंद पडलेल्या फ्लॅटमध्ये नळ आणि वायरिंग हमखास नवं करावं लागतं. बोली ५० लाख किंवा त्याहून जास्त झाली तर १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो, तोही लक्षात ठेवा.

तुम्ही भाड्यानं राहता आणि दोघांचे पगार हप्त्यातच जाणार, म्हणून माझं स्पष्ट मत: प्रत्यक्ष ताबा बँकेकडे आलेला नसेल तर या वेळी बोली लावू नका. पहिल्या लिलावात ग्राहक न मिळालेली घरं पुन्हा निघतात, अनेकदा राखीव किंमत उतरवून. तोवर ताबाही आलेला असू शकतो.

प्रश्न: लिलावात बोली लागली आणि गृहकर्ज वेळेत झालं नाही तर अनामत परत मिळते का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: नाही. समजा बोली ४४ लाखांना लागली आणि ४ लाख २० हजार अनामत भरलेली आहे. एकूण २५ टक्के, म्हणजे ११ लाख, त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी पूर्ण करायचे. म्हणजे आणखी ६ लाख ८० हजार लगेच. उरलेले ३३ लाख विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. बँकेनं लेखी मान्य केलं तर मुदत वाढते, पण एकूण तीन महिन्यांच्या पुढे नाही. ती चुकली तर भरलेले सगळे ११ लाख जप्त होतात, फक्त अनामत नव्हे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशीच २५ टक्क्यांची जप्ती कायम ठेवली.

म्हणून कर्ज आधी मंजूर करून घ्या, आणि त्या बँकेला लेखी विचारा की ती लिलावातल्या घरावर, नुसत्या विक्री प्रमाणपत्रावर, कर्ज देते का. ‘देतो ना साहेब’ हे काउंटरवरचं उत्तर धरून बोली लावू नका.