'बॉनी अँड क्लाइड' (1967) या चित्रपटात हिंसेचं उदात्तीकरण केलंय का?

हिंसेचं नाही. बॉनी आणि क्लाइड या 1930 च्या दशकातल्या खऱ्या अमेरिकन दरोडेखोर जोडीचं मात्र नक्कीच केलंय. या दोन गोष्टींची गल्लत झाली की या चित्रपटावरचा वाद भरकटतो.

बँकेबाहेरचा प्रसंग आठवा. आत दरोडा चाललाय आणि बाहेर त्यांचा साथीदार सी. डब्ल्यू. मॉसने गाडी शिस्तीत दोन गाड्यांच्या मधे लावून ठेवलीय. पळायची वेळ येते तेव्हा ती बाहेर निघता निघत नाही. आपण हसत असतो, तेवढ्यात बँकेतला एक वयस्कर माणूस धावत येऊन गाडीच्या पायरीवर चढतो. क्लाइड खिडकीतूनच गोळी झाडतो आणि त्या माणसाचा रक्तबंबाळ चेहरा काचेला टेकलेला दिसतो. जुन्या हॉलिवूडमध्ये सहसा गोळी एका शॉटमध्ये सुटायची आणि माणूस पुढच्या शॉटमध्ये पडायचा. दिग्दर्शक आर्थर पेनने दोन्ही एकाच चौकटीत आणलं. आपलं हसू घशात अडकतं. यानंतर तिघं थिएटरमध्ये लपतात. सी. डब्ल्यू. रडतोय, क्लाइड त्याला झापतोय आणि बॉनी मात्र पडद्यावरचं नाचगाणं रंगून बघतेय! तिचा सगळा स्वभाव मला त्या एका प्रसंगात सापडतो. तिला गोष्टीतली नायिका व्हायचंय. पुढे तिची कविता वर्तमानपत्रात छापून येते तेव्हा क्लाइड हरखून जातो, कारण आता लोक आपल्याला लक्षात ठेवणार याची त्याला खात्री पटते. त्या दोघांचं शरीराने जवळ येणंही त्यानंतरच घडतं. दंतकथा त्यांना प्रेमाइतकीच हवी होती, हे चित्रपटाने अचूक पकडलंय.

माझा आक्षेप आहे तो दंतकथेसाठी गाळलेल्या गोष्टींवर. चित्रपटात क्लाइड बँकेने बेघर केलेल्या शेतकऱ्याच्या हातात पिस्तूल देतो. महामंदीतल्या गरिबांचा कैवारी म्हणून त्याची प्रतिमा तिथेच पक्की होते. प्रत्यक्षात या टोळीने बँकांपेक्षा लहान दुकानं आणि पेट्रोल पंपच जास्त लुटले. त्यांच्या नावावर सुमारे 13 खून आहेत आणि मेलेल्यांत बहुतेक पोलीस होते. 1 एप्रिल 1934 ला, ईस्टरच्या दिवशी, टेक्सासमधल्या ग्रेपव्हाइनजवळ गस्तीवरचे दोन तरुण पोलीस मारले गेले. त्यातल्या एकाचं लग्न ठरलेलं होतं आणि त्याची वाग्दत्त वधू लग्नाचा पोशाख घालून अंत्यसंस्काराला आली. त्यानंतर लोकमत या जोडीवर फिरलं. ग्रेपव्हाइनचा हा प्रसंग चित्रपटात नाही. 1933 च्या गाडीच्या अपघातात बॉनीचा पाय भयंकर भाजला होता आणि त्यानंतर तिला धड चालताही येत नव्हतं. फे डनअवेची बॉनी मात्र शेवटपर्यंत देखणी राहते.

सगळ्यात मोठा अन्याय झालाय तो त्यांच्या मागावर असलेल्या फ्रँक हेमर या पोलीस अधिकाऱ्यावर. चित्रपटात टोळी त्याला पकडते, बॉनी त्याचं चुंबन घेते, तो थुंकतो आणि मग सूडापोटी त्यांच्या मागे लागतो. खरा हेमर त्यांच्या हाती कधी लागलाच नव्हता. तो टेक्सास रेंजर्स या पोलीस दलातला मुरलेला माजी अधिकारी होता आणि 23 मे 1934 ला लुइझियानात त्याने आणि इतर पाच जणांनी त्यांना गाठलं. हेमरच्या पत्नीने चित्रपटाच्या निर्मात्यांवर दावा लावला आणि तो कोर्टाबाहेर मिटवावा लागला. तिचा संताप मला पूर्णपणे पटतो. मेलेल्या दरोडेखोरांना नायक करण्यासाठी आपलं काम करणाऱ्या खऱ्या माणसाला, त्याच्या खऱ्या नावानिशी, खलनायक करायची काहीच गरज नव्हती.