चार लाखात जुनी फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद जाणारी गाडी) घ्यायचीय, मारुतीची जिप्सी घेऊ की महिंद्राची एमएम ५४० की टाटाची सफारी?

तुम्ही लिहिलंय की नोकरी पुण्यात, गाव भोरच्या आत, शेवटचे चारेक किलोमीटर कच्चा रस्ता आणि पावसाळ्यात तिथे बाइकपण जात नाही, बजेट चार लाख, आणि दिल्लीची एक जिप्सी बघून ठेवलीय जिला मोठे टायर, विंच (रुतलेली गाडी दोराने ओढणारी मोटर), बुलबार (पुढच्या बंपरवरचा लोखंडी गार्ड), लाइट बार सगळं लावलेलं आहे. माझं उत्तर सरळ आहे, जिप्सी घ्या पण ती नको.

जिप्सी का, तर वजन. हजार किलोच्या आसपासची गाडी आहे, चिखलात रुतते कमी आणि रुतली तरी गावातले चारपाच जण ढकलून बाहेर काढतात. जुन्या सफारी फोर बाय फोरचं वजन दोन टनांच्या आसपास जातं, ती एकदा बसली की ट्रॅक्टर बोलवा. हायवेला सफारीत जो आराम आहे तो जिप्सीत औषधालाही नाही हे मान्य, पण तिचा फोर बाय फोर नॉब फिरवून इलेक्ट्रिक मोटरवर लागतो, आणि इतक्या वर्षांनी ती मोटर, वायरिंग, सेन्सर यातलं काय चालू असेल ते उघडल्याशिवाय कळत नाही. जिप्सीत साधा दांडा आहे, ओढला की लागला. एमएम ५४० मला मनापासून आवडते, प्यूजोच्या डिझाइनचं २.१ लिटर डिझेल कासवासारखं चालतं पण चालत राहतं, फक्त बाजारात आज जे ५४० म्हणून विकतात त्यातलं खरं किती आणि हरियाणातल्या मंडी डबवालीला नवीन बॉडी ठोकून जुन्या आरसी बुकावर चढवलेलं किती हे ओळखायला जाणकार डोळा लागतो, पहिल्या गाडीला तिकडे जाऊ नका.

आता जिप्सीतली कुठली. १९८५ ला आली तेव्हा ९७० सीसीचं इंजिन आणि चार गिअर होते, १९९६ ला १.३ लिटरची किंग आली, आणि २००० च्या आसपास एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल इंजेक्शन) झाली, पॉवर ८० बीएचपी. तुम्हाला घाट चढून गावी जायचंय तर एमपीएफआयच बघा, कार्ब्युरेटर सेट करणारे चांगले हात आता कमी झालेत आणि आजच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलमधे जुने रबरी पाइप आधी बदलावे लागतात ते वेगळंच. शेवटच्या गाड्या २०१९ पर्यंत बाहेर पडल्या पण त्या तुमच्या बजेटात बसणं अवघड. एसी, एअरबॅग काहीच नाही, मायलेज दहा-बारा धरा. घरच्यांना हे आत्ताच सांगून टाका.

दिल्लीची का नको ते सांगतो. तिकडे १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले तेव्हापासून गाड्या स्वस्तात बाहेर निघतात, म्हणून आकडा छान दिसतो. पण एनओसी (तिकडच्या आरटीओचं ना-हरकत पत्र), इथला रोड टॅक्स, एमएच पासिंग (महाराष्ट्रातली नोंदणी), आणि १५ वर्षं झालेली असेल तर फिटनेस करून आरसी रिन्यू, वर पर्यावरण कर. नुसती रिन्यूअलची फी १ एप्रिल २०२२ ला ६०० ची ५,००० झाली होती आणि एजंटचे पैसे यात धरलेले नाहीत. आणि मेन म्हणजे फिटनेसला ती गाडी त्या अवतारात उभीच करता येणार नाही, कंपनीने दिलेल्या रचनेत बदल चालत नाहीत हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मधे स्पष्ट केलंय, बुलबारला तर २०१७ पासूनच केंद्राची मनाई आहे. म्हणजे ज्या सामानाचे पैसे तुम्ही मोजणार तेच काढून ठेवायचं. शिवाय मोठ्या टायरने जिप्सीची ताकद जाते, ब्रेक कमी पडतात, अ‍ॅक्सलवर लोड येतो. साधी, न छेडलेली, एमएच पासिंगची, आरसी अजून काही वर्षं शिल्लक असलेली गाडी शोधा, ती पन्नास हजाराने महाग मिळाली तरी शेवटी तीच स्वस्त पडते. आर्मीच्या लिलावातल्या गाड्यांमधेही काही चांगल्या असतात पण ज्या आधीच कोणाच्या तरी नावावर रीतसर पासिंग झाल्यात त्याच बघा, आणि चेसी नंबर स्वतः घासून वाचा, आरसीशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे.

चेसीबद्दल तर मी कोणालाही सोडत नाही. इंजिन दुरुस्त होतं, गिअरबॉक्स मिळतो, पाटे (लीफ स्प्रिंग), बुश, हब सगळं मिळतं, पण चेसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, सडली की संपलं. कोकणात राहिलेली गाडी असेल तर डबल बघा. गाडीखाली झोपा, मागच्या पाट्यांचे शॅकल (पाटा टांगणाऱ्या पट्ट्या) जिथे चेसीला धरलेत ती जागा आणि बॉडी माउंटच्या आसपासची जागा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा, टणक आवाज आला पाहिजे, बद्द आवाज आला किंवा पापुद्रे पडले तर उठा आणि घरी या. ताजा काळा अंडरकोट (गाडीला खालून मारायचा थर) मारलेला असला तर मला तो गंजापेक्षा जास्त खटकतो, विकायच्या आधल्या आठवड्यात कोण कशाला मारेल?

फोर बाय फोर चालतं का हे डांबरावर बघायचं नाही, पुढच्या-मागच्या चाकांना वेगळं फिरायला वाव मिळत नाही आणि ट्रान्सफरवर (पुढे-मागे ताकद वाटणारा गिअरचा डबा) ताण येतो. मुरमाच्या मोकळ्या जागेत न्या, पुढच्या चाकांचे हब हाताने लॉक करायचे असतील तर आधी ते करा, फोर एच (चारही चाकं, नेहमीचे गिअर) टाका आणि स्टिअरिंग पूर्ण तोडून हळू वळवा, पुढून अडल्यासारखं, धरल्यासारखं जाणवलं तर पुढचा अ‍ॅक्सल काम करतोय, फक्त मागच्या दोन चाकांना ताकद असल्यासारखी अलगद वळली तर कुठेतरी तुटलंय. मग फोर एल (चारही चाकं, कमी वेग जास्त ताकद), पहिला गिअर, उतारावर क्लच-अ‍ॅक्सिलरेटर सोडून द्या, दांडा आपोआप उडाला तर ट्रान्सफर झिजलाय. जिप्सीत ट्रान्सफर गिअरबॉक्सपासून वेगळा रबरी माउंटवर लटकतो, मधे छोटा शाफ्ट आहे, माउंट गेले की क्लच सोडताना खाडकन आवाज येतो, तो मोठा खर्च नाही पण भाव पाडून घ्यायला उपयोगी. पन्नास-साठच्या स्पीडला स्टिअरिंग थरथरत असेल तर बहुतेकदा किंगपिन बेअरिंग (पुढचं चाक ज्यावर वळतं ते), तेही दुरुस्त होतं.

आणि एक गैरसमज आत्ताच काढून टाका. फोर बाय फोर असली तरी जिप्सीत डिफ लॉक (डावं-उजवं चाक एकत्र बांधायची सोय) नाही, म्हणजे पुढचं एक आणि मागचं एक चाक अधांतरी झालं की तीच दोन फिरत बसतात आणि गाडी जागेवर. त्यामुळे तुमच्या रस्त्याला मूळ साइजचेच पण चांगले ऑल टेरेन (डांबर आणि माती दोन्हीला चालणारे) टायर हा विंचपेक्षा कितीतरी उपयोगाचा खर्च आहे. काळ्या मातीत नक्षी भरून टायर गुळगुळीत होतो तेव्हा मात्र हेही चालत नाहीत, त्या पॅचवर मुरूम टाकून घ्या.

चारातले साडेतीनच गाडीला द्या. उरलेल्यात घेतल्या घेतल्या इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर आणि दोन्ही डिफरन्शिअल अशी सगळी ऑइलं बदला, डिफचं ऑइल दुधाळ निघालं तर पाणी गेलंय, सील टाकून घ्या. ब्रेक पाइप, कूलंट पाइप, शाफ्टचे क्रॉस (सांधे), एवढं एका दमात करा. टोकन द्यायच्या आधी चेसीचे आणि शॅकलच्या जागेचे फोटो इथे टाकलेत तर मी नक्की बघून सांगतो.