तागाची फळी किती पावसाळे काढेल?

प्रश्न : गोठ्याच्या भिंतीला तागाचे तंतू घातलेल्या पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या फळ्या लावल्या. एकाच पावसाळ्यात त्या कडांना फुगल्या. मधला भाग मात्र जसाच्या तसा आहे. माल खराब होता काय? (दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : मालापेक्षा करवतीवर माझा अधिक संशय आहे. पॉलिप्रॉपिलीन पाणी जवळजवळ शोषत नाही. ताग मात्र दमट हवेतूनसुद्धा आपल्या वजनाच्या बारा-तेरा टक्के ओलावा सहज घेतो. कारखान्यातून आलेल्या फळीवर प्लास्टिकचा पातळ थर असतो, पण ती कापली किंवा तिला भोक पाडले की तंतूंची टोके उघडी पडतात आणि वातीने तेल ओढावे तसे ती पाणी आत ओढतात. ओला तंतू फुगतो, उन्हात आकसतो, आणि अशा प्रत्येक फेऱ्यात तंतू व प्लास्टिक यांची पकड थोडी सुटून तेथे बारीक फट पडते, जिच्यातून पुढच्या पावसाचे पाणी आणखी आत जाते. ही पकड मुळात घट्ट असावी म्हणून चांगले उत्पादक मॅलेइक अनहायड्राइड जोडलेले पॉलिप्रॉपिलीन थोड्या प्रमाणात मिसळतात. खरेदी करताना ते विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर एक तुकडा दुकानाच्या डिजिटल काट्यावर तोलून चोवीस तास पाण्यात बुडवावा, पुसून पुन्हा तोलावा आणि दोन-तीन दुकानांच्या तुकड्यांची तुलना करावी. आपल्या फळ्या पूर्ण वाळल्यावर, म्हणजे उन्हाळ्यात, कडांना व भोकांना इपॉक्सीचा लेप द्यावा आणि खालची कड शेणामुतापासून वीतभर वर ठेवावी. फुगलेला भाग मात्र पूर्ववत होणार नाही.

प्रश्न : छपराचा तागाचे तंतू घातलेला प्लास्टिकचा पत्रा दोन उन्हाळ्यांत पांढरा पडला व हात लावल्यास भुकटी निघते. (वरोरा, जि. चंद्रपूर)

उत्तर : सूर्याच्या अतिनील किरणांनी तंतूंमधील लिग्निन, म्हणजे पेशींना चिकटवून ठेवणारा पदार्थ, विघटित होते, पाऊस ते धुऊन नेतो, आणि मागे फिकट सेल्युलोज उरते, पॉलिप्रॉपिलीनही या किरणांनी ठिसूळ होते. ही हानी प्रथम वरच्या पातळ थरापुरतीच असते, परंतु त्यामुळे तंतू उघडे पडून पाण्याला वाट मिळते. काजळी मिसळलेला काळा पत्रा रंगाने अधिक टिकतो, पण आपल्याकडच्या मे महिन्यात तो फार तापतो आणि तापलेले प्लास्टिक स्वतःच्या भाराने हळूहळू झुकते. म्हणून त्याखालचे आडवे वासे जवळजवळ घ्यावेत.

प्रश्न : उधई लागेल काय? (आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : तंतू प्लास्टिकने पूर्ण वेढलेले असतील तर सहसा नाही. जमिनीला टेकणाऱ्या फळीत उधई रोखणारे झिंक बोरेट हे रसायन घातलेले असावे.

प्रश्न : पऱ्हाटीचा (कापसाच्या वाळल्या झाडांचा) भुसा आणि पाण्याच्या जुन्या बाटल्या वितळवून घरीच फळी करता येईल काय? (अकोट, जि. अकोला)

उत्तर : नाही. बाटलीचे पीईटी हे प्लास्टिक सुमारे २५० अंश सेल्सिअसला वितळते, तर वनस्पतीचे तंतू २०० अंशांच्या पुढे करपू लागतात. शिवाय त्या धुरात उभे राहणे प्रकृतीला घातक आहे. पॉलिप्रॉपिलीन १६५ अंशांच्या आसपास वितळते, म्हणून उद्योगात ते चालते. आणखी एक गोष्ट : भुशाने फळी भरते, बळकट होत नाही, बळ लांब तंतूंतून येते आणि पऱ्हाटीत ते सालीत असतात. कापसाचे असे उपयोग नवे नाहीत. पूर्व जर्मनीच्या ट्राबांट मोटारीचे बाह्य पत्रे फिनॉलच्या रेझिनमध्ये, म्हणजे कृत्रिम राळेत, कापसाचा टाकाऊ भाग दाबून बनवत, पण ते रेझिन वितळवायचे नसून तापवून कायमचे घट्ट करायचे असते, आणि त्यासाठी जो दाब लागतो तो घरच्या भट्टीवर मिळत नाही.