नवरा म्हणतो, तो कायदाच रद्द झालाय

प्रश्न : ताई, माझे मिस्टर आर्मीत हवालदार आहेत, मी सातारा जिल्ह्यात सासरी दोन मुलांना घेऊन राहते. त्यांचं युनिटमधल्याच एका जवानाच्या बायकोशी सुरू आहे, मोबाईलवरचे मेसेज मी स्वतः वाचलेत. दिवाळीपासून पैसे पाठवणं बंद. विचारलं तर म्हणतात, तो कायदाच रद्द झालाय, कुठे जायचं तिथे जा. सासूबाई म्हणतात घटस्फोटाच्या कागदावर सही कर नि मोकळी हो. काय करू?

उत्तर : ताई, सही अजिबात करू नका. घटस्फोट झाला की फॅमिली पेन्शनवरचा तुमचा हक्क जातो, नुसतं वेगळं राहिल्याने जात नाही, हे तुम्हाला घरात कुणी सांगणार नाही म्हणून आधी सांगते.

मिस्टरांचं अर्धंच खरं आहे. व्यभिचाराला गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेचं कलम 497 सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये रद्द केलं, पण जानेवारी 2023 मध्ये त्याच कोर्टाने स्पष्ट केलं की सैन्यदलातल्या शिस्तीच्या कारवाईला तो निकाल आड येत नाही. हवालदारावर आर्मी अ‍ॅक्टच्या कलम 63 खाली कारवाई होऊ शकते आणि आपल्याच जवानाचा संसार मोडणं फौजेत फार गंभीर मानतात. पण डिसमिस झाले तर पगार गेला, पेन्शनही बहुतेक गेलीच, मग मुलांची फी कुठून भरणार? तुमचा राग शंभर टक्के रास्त आहे, तरी माझं मत, आधी पोटगी पक्की करा.

कमांडिंग ऑफिसरच्या नावाने अर्ज करा, त्यात मिस्टरांचा आर्मी नंबर, रँक, युनिट लिहा आणि लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, पैसे यायचे थांबले ते दिसणाऱ्या पासबुकाच्या पानांची झेरॉक्स जोडा. आर्मी अ‍ॅक्टच्याच कलम 91 खाली पगारातून परस्पर कापून पैसे तुम्हाला मिळू शकतात, बायकोला 22 टक्क्यांपर्यंत, प्रत्येक मुलाला 5.5, सगळं मिळून जास्तीत जास्त 33. अर्ज लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा.

शिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम 144 खाली तुम्ही राहता तिथल्याच कोर्टात पोटगी मागता येते, पोस्टिंगच्या गावी हेलपाटे नकोत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. सासरच्यांनी घराबाहेर काढायची भाषा केली तर 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे (हा फौजेतला नव्हे) तक्रार द्या.

आणि ते मेसेज फेसबुकवर टाकू नका, त्या बाईला फोन करून भांडूही नका, स्क्रीनशॉट असतील तर तारखेसकट जपून ठेवा नि थेट वकिलाला दाखवा.